इसहाकाच्या घरांतील कपट

कौटुंबिक उपासनेसाठीं शास्त्राभ्यास

ह्या धड्यासाठीं उत्पत्तीच्या पुस्तकाचा २७ वा अध्याय घ्यावा. संध्याकाळच्या उपासनेच्या वेळीं घरांतील एकानें तो सावकाश व मोठ्यानें वाचावा, आणि त्यास जोडून २५ व्या अध्यायाचा उत्तरार्ध व २८ व्या अध्यायाचीं पहिलीं पांच वचनें वाचावीं. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांनीं लक्ष देऊन ऐकावें. ही गोष्ट ऐकणाऱ्यासहि वाचणाऱ्याइतकीच समजते.

हा अध्याय बहुधा लहान मुलांस सांगितला जातो. आंधळा बाप, केसाळ भाऊ आणि हातांवर बांधलेलीं करडांचीं कातडीं, हें ऐकून मुलें हसतात. परंतु आम्हांस वाटतें कीं ही गोष्ट मुलांपेक्षां मोठ्या माणसांनीं अधिक ऐकावी. ह्या घरांत चोर बाहेरून आला नाहीं. एकाच कुटुंबांतील, एकाच देवाची उपासना करणाऱ्या चार माणसांनीं आपलें मन एकमेकांपासून लपविलें, आणि एका दिवसांत घर मोडलें.

१. घर वाईट नव्हतें

इसहाक हा अब्राहामाचा पुत्र, वचनाचा वारस. वयाच्या ४० व्या वर्षीं त्याचें लग्न झालें, आणि ६० व्या वर्षीं त्यास जुळे पुत्र झाले. मधलीं २० वर्षें पाळणा रिकामा होता. अशा वेळीं दुसरी बायको करण्याची त्या काळीं रीत होती. इसहाकानें पत्नीसाठीं प्रार्थना केली. रिबकेच्या पोटांत मुलें झगडूं लागलीं तेव्हां तीहि देवाला विचारावयास गेली, आणि तिला उत्तर मिळालें कीं, वडील मुलगा धाकट्याची चाकरी करील. नवरा प्रार्थना करणारा, बायको देवास विचारणारी. अशा घरांत कपटाला दार कोणीं उघडलें?

२५ व्या अध्यायाच्या २८ व्या वचनांत त्याचें मूळ आहे. बापाचा ओढा एसावाकडे होता, कारण एसाव शिकार करून आणी व ती बापास आवडे. आईचा ओढा याकोबाकडे होता. भांडण झालें नाहीं, कोणीं कोणास उणा शब्द बोलला असेंहि लिहिलें नाहीं. फक्त घरांतील माया दोन वाटांनीं वाहूं लागली. आमच्या घरांतहि भेद असाच सुरू होतो. दुधावरची साय नेहमीं एकाच्याच वाटींत पडते, नवा सदरा एकालाच मिळतो, चुकीची शिक्षा मात्र दुसऱ्याला. मुलें हें बोलून दाखवीत नाहींत, पण मनांत मोजीत असतात.

२. चौघांचे हेतु

आतां चौघांकडे एकेक करून पाहूं.

इसहाक म्हातारा झाला होता, दृष्टि गेली होती, आणि आपलें मरण जवळ आलें असें त्यास वाटत होतें. अशा वेळीं बापानें सर्व घर जवळ बोलवावें. पुढें याकोबानें मरतेवेळीं आपले सर्व पुत्र भोंवतीं जमवून त्यांस आशीर्वाद दिले. इसहाकानें एकट्या एसावास बोलाविलें. शिवाय त्यास आशीर्वादाआधीं आवडीचें जेवण पाहिजे होतें. असें पवित्र काम त्यानें जिभेच्या आवडीशीं बांधलें, आणि उघड द्यावयाची वस्तु आडून देण्याचा बेत केला. खोटें तो बोलला नाहीं. परंतु घरांत लपवाछपवीची सुरुवात त्याच्याकडून झाली.

रिबकेनें हा बेत आडून ऐकला. तिच्याजवळ देवाची वाणी होती, आणि पती त्या वाणीच्या उलट जात होता. त्या क्षणीं ती नवऱ्यापाशीं जाऊन ‘आपल्याला देवानें काय सांगितलें होतें?’ असें विचारूं शकली असती. ती चुलीकडे वळली. कळपांतून दोन करडें आणविलीं, शिकारीच्या चवीचें जेवण केलें, एसावाचीं उंचीं वस्त्रें धाकट्याच्या अंगावर चढविलीं, आणि त्याच्या हातांवर व मानेवर कातडीं गुंडाळलीं. आपण देवाचें कार्य पुरें करीत आहों, असें तिनें मनाला समजाविलें असेल. ह्यावरून हेतूविषयीं एक गोष्ट शिकावयास मिळते. अशुद्ध हेतु पुष्कळदां एकटा नसतो; चांगला हेतु त्याच्या शेजारीं बसलेला असतो, आणि आपण दुसऱ्यांस तेवढा चांगलाच दाखवितों.

याकोबाची पहिली शंका काय होती हें वाचकांनीं नीट पाहावें. बापाला फसविणें पाप आहे, असें तो म्हणाला नाहीं. बापानें हात लावून पाहिलें तर आपण पकडले जाऊं, आणि आशीर्वादाऐवजीं शाप मिळेल, एवढीच त्याला भीति होती. आईनें शाप आपल्यावर घेतला, आणि त्याची शंका मिटली. जेथें पापाची भीति नसून पकडले जाण्याचीच भीति असते, तेथें कोणी धीर देणारा भेटला कीं मनुष्य पाऊल टाकतो.

मग खोट्याची पायरी चढत गेली. प्रथम त्यानें आपलें नांव एसाव सांगितलें. एवढ्या लौकर शिकार कशी मिळाली, असें बापानें विचारतांच त्यानें परमेश्वराचें नांव घेतलें व ती त्यानेंच समोर आणिली असें सांगितलें. शेवटीं बापानें पुन्हा खात्री करून घेतली, तेव्हां तो पुन्हा खोटें बोलला. ह्या तिहींत दुसरें खोटें सर्वांत भारी आहे, कारण त्यांत देवाला साक्षी ओढलें. इसहाकाच्या बोटांनीं, नाकानें व जिभेनें त्यास फसविलें. कानांनीं मात्र खरें सांगितलें होतें, कारण आवाज याकोबाचा होता. पण आवडीच्या जेवणाचा वास समोर दरवळत असतां कानांचें कोण ऐकतो?

एसाव ह्या दिवशीं फसविला गेला, आणि त्याचें रडणें ऐकून कोणाचेंहि काळीज हलेल. तरी तोहि निर्मळ नव्हता. त्यानें मसुरीच्या वरणासाठीं आपला वडीलपणाचा हक्क विकला होता, आणि ती गोष्ट बापास सांगितल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं. आतां तो म्हणतो कीं, भावानें हक्कहि घेतला आणि आशीर्वादहि घेतला. इब्री भाषेंत हक्काला ‘बखोरा’ व आशीर्वादाला ‘बराखा’ म्हणतात. एसावाच्या तोंडीं हे दोन शब्द जवळ जवळ येतात, आणि त्याची चडफड त्यांत ऐकूं येते. पण पहिली वस्तु त्यानें स्वतः विकली होती. त्यानंतर त्यानें मनांत भावाच्या खुनाचा बेत केला, आणि बापाच्या सुतकाची वाट पाहूं लागला. वरून पाहणाऱ्यास हें पितृभक्तीसारखें दिसेल. आंत हत्या होती.

३. हें घर एकत्र बसलें नाहीं

उपदेशकांनीं हा अध्याय शिकवितांना मंडळीस एक प्रश्न विचारावा: ह्या अध्यायांत हीं चार माणसें एकत्र कोठें दिसतात? शोधूनहि सांपडणार नाहीं. बाप आणि वडील मुलगा, आई आणि धाकटा मुलगा, धाकटा मुलगा आणि बाप, मग वडील मुलगा आणि बाप, मग पुन्हा आई आणि धाकटा. सर्व बोलणें दोघांदोघांत. आई आणि एसाव ह्यांचा एकहि शब्द नाहीं. दोघे भाऊहि एकमेकांशीं बोलत नाहींत. नवराबायकोचें बोलणें अगदीं शेवटच्या वचनांत येतें, आणि तेंहि अर्धेंच खरें. एसाव याकोबास मारावयास टपला आहे, हें रिबका नवऱ्यास सांगत नाहीं. हेथींच्या मुलींचा आपल्याला वीट आला आहे, असें कारण पुढें करून ती याकोबास दूर पाठविण्याची वाट काढते. कारण खरें होतें. परंतु खरें कारण तें नव्हतें.

म्हणून आम्ही म्हणतों कीं, कपट हें तोंडांतून खोटें निघाल्यावर सुरू होत नाहीं. जी गोष्ट सर्वांसमोर बोलतां येत नाहीं ती दोघांत बोलावयास आपण लागतों, त्याच दिवशीं तें सुरू होतें.

४. कपटानें काय मिळालें

रिबकेनें मुलास सांगितलें कीं, थोडे दिवस तूं माझ्या भावाकडे हारानास राहा. ते थोडे दिवस २० वर्षें झाले. हारान हें ठिकाण आज तुर्कस्थानांत, सीरियाच्या सरहद्दीजवळ आहे. बैरशेबाहून तेथें जावयाचें म्हणजे शेकडों कोसांची वाट. पुढें याकोब परतला तेव्हां शास्त्रांत बापाची भेट लिहिली आहे. आईच्या दाईचें, दबोरेचें मरण लिहिलें आहे. पण आईनें त्यास पुन्हा पाहिल्याचें लिहिलेलें नाहीं. मकपेलाच्या गुहेंत तिला पुरलें होतें, एवढा उल्लेख फार पुढें येतो. ज्या मुलासाठीं तिनें सर्व केलें तो मुलगा तिला अंतरला.

याकोबास हारानांत जो मामा भेटला तो त्याच्याहून वरचढ निघाला. राहेलीसाठीं सात वर्षें राबून लग्नाची रात्र झाली, आणि सकाळीं पाहतो तों लेआ. अंधारांत बापाची ओळख चुकविणाऱ्याची ओळख अंधारांतच चुकविली गेली. त्यानें जाब विचारतांच लाबान म्हणाला कीं, वडील मुलीच्या आधीं धाकटीला देण्याची आमच्याकडे चाल नाहीं. वडिलाच्या जागीं धाकट्यानें बसण्याचा प्रकार ज्यानें केला होता, त्याच्या काळजाला हें वाक्य किती झोंबलें असेल!

पुढें तो स्वतः बाप झाला, आणि त्यानेंहि एका मुलावर अधिक माया केली. मग त्याच्या पुत्रांनीं योसेफास विकलें, बकरा मारून त्याच्या रक्तांत योसेफाचा झगा बुडविला, आणि तो बापापुढें ठेवून ओळखावयास सांगितलें. भावाचें वस्त्र आणि बकऱ्याचें कातडें घेऊन त्यानें बापास फसविलें होतें; भावाचें वस्त्र आणि बकऱ्याचें रक्त घेऊन त्याच्या मुलांनीं त्यास फसविलें. घरांतील कपट मुलें ऐकून शिकत नाहींत, पाहून शिकतात.

५. देवानें कपटाला बक्षीस दिलें काय?

हा प्रश्न गांवोगांव विचारला जातो: याकोब खोटें बोलला आणि आशीर्वाद त्यालाच मिळाला, मग खोटें फळलें नाहीं काय? ह्याचें उत्तर देतांना दोन आशीर्वाद वेगळे करून पाहावे.

कपटानें मिळविलेला आशीर्वाद २७ व्या अध्यायांत आहे. त्यांत दहिंवर, धान्य, द्राक्षारस आणि भावांवर सत्ता आहे. अब्राहामास दिलेल्या वचनाचें नांव त्यांत नाहीं. तें वचन २८ व्या अध्यायाच्या आरंभीं येतें. तेव्हां इसहाकास सर्व कळून चुकलें होतें. समोर कोण उभा आहे हें त्यास ठाऊक होतें. कातडीं नव्हतीं, उसनीं वस्त्रें नव्हतीं. त्यानें याकोबास याकोब म्हणूनच बोलाविलें व अब्राहामाचा आशीर्वाद दिला. जें देवाला द्यावयाचें होतें तें उघड्यावर, खऱ्या नांवानें मिळालें.

आणि कपटानें मिळालेल्या सत्तेचें काय झालें? ३३ व्या अध्यायांत दोघे भाऊ भेटतात तेव्हां याकोबच सात वेळां भूमीपर्यंत लवतो, आणि एसावास स्वामी म्हणतो. चोरलेला मान त्यास भावासमोर एक दिवसहि मिरवितां आला नाहीं.

तिसरा दाखला ४८ व्या अध्यायांत आहे. आतां याकोबच म्हातारा आहे, आणि त्याचीच दृष्टि मंद झाली आहे. योसेफाचे दोन मुलगे समोर आहेत. देवाच्या इच्छेप्रमाणें धाकट्या एफ्राइमास थोरल्या मनश्शेहून श्रेष्ठ आशीर्वाद द्यावयाचा आहे. याकोबानें हात आडवे करून उजवा हात धाकट्याच्या डोक्यावर ठेविला, आणि योसेफानें अडविलें तेव्हां आपण जाणूनच करितों असें सांगितलें. तोच प्रसंग, तेंच अंधत्व, तोच धाकटा. पण कोणास खोटें बोलावें लागलें नाहीं. रिबकेनें वाट पाहिली असती तर देव असाच मार्ग काढूं शकला असता. देवाचें वचन पुरें करावयास आमच्या खोट्याची मदत लागत नाहीं.

६. आमच्या घरांत

आतां हा आरसा आपल्या घराकडे वळवूं.

बापाच्या जमिनीचा प्रश्न घ्या. मृत्युपत्र न करितां वारलेल्या ख्रिस्ती मनुष्याच्या मिळकतीविषयीं महाराष्ट्रांतील आपल्या लोकांस १९२५ सालचा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मागें पत्नी व मुलें असल्यास तिसरा हिस्सा पत्नीचा, आणि उरलेले दोन हिस्से मुलगे व मुली ह्यांत सारखे. बहिणीनें समजून उमजून, राजीखुशीनें आपला हक्क भावास सोडला तर त्यांत कांहीं वावगें नाहीं. परंतु माहेरीं आलेल्या बहिणीस गोडाधोडाचें जेवण घालून, ‘सातबाऱ्यावर नांवें चढवावयाचीं आहेत, एक सही पाहिजे,’ एवढेंच सांगून हक्कसोडपत्रावर सही घेणें, हें करडांचीं कातडीं हातांवर बांधणेंच होय. तेथेंहि रुचकर जेवण आहे, तेथेंहि विश्वासानें पुढें झालेला हात आहे.

म्हाताऱ्या आईबापांची सेवा घ्या. सेवा चांगली, पण ती कोणासाठीं चालली आहे? दुसरा भाऊ मुंबईहून येतो त्या दिवशींच औषधाची बाटली पुढें येते काय? दृष्टि गेलेल्या बापाचा अंगठा कागदावर घेतांना तो कागद त्यास पुरा वाचून दाखविला काय?

सोयरीक घ्या. मुलीचें वय, मुलाचें कर्ज, घरांतील आजार झांकून ठेवून लग्न उरकलें, तर लेआ आणि राहेल ह्यांच्या घरांत जी धुसफूस जन्मभर चालली ती आपणच विकत घेतली. त्यांत लेआ बोलून चालून बापाच्या हातचें प्यादें. दुःख मात्र तिच्या वांट्याला आलें.

आणि सर्वांत जपून वागण्याची गोष्ट म्हणजे देवाचें नांव. ‘मी प्रार्थना केली आणि प्रभूनें मला असें दाखविलें,’ हें वाक्य आपल्या लोकांत पुष्कळ चालतें. तें खरें असेल तेव्हां धन्य. पण आपल्या मनांत आधींच ठरलेली गोष्ट घरच्यांच्या गळीं उतरविण्यासाठीं तें बोललें, तर आपण याकोबाचें दुसरें खोटें बोललों. पाळक व उपदेशक ह्यांनीं तर अधिक जपावें, कारण आपल्या तोंडून देवाचें नांव निघालें कीं लोक पुढें विचारीत नाहींत.

हेतु शुद्ध आहे कीं नाहीं हें ओळखावयाचें कसें? आम्ही एक साधी कसोटी सुचवितों. जें करावयाचें आहे त्याचें खरें कारण संध्याकाळच्या उपासनेंत, सर्व घर बसलें असतां, ज्याच्यावर त्याचा परिणाम होणार त्याच्या देखत सांगतां येईल काय? सांगतां येत असेल तर पुढें जावें. जीभ अडखळत असेल तर काम थांबवावें, आणि जीभ कां अडखळते हें प्रभूपुढें शोधावें. प्रभु येशूनें शिकविलें कीं, माणसाला विटाळविणारें तें बाहेरून येत नाहीं; अंतःकरणांतून निघतें, आणि त्यांत कपटाचेंहि नांव त्यानें घेतलें.

७. परतीची वाट

याकोबाची गोष्ट येथेंच संपली असती तर ती शुभवर्तमानाच्या उपयोगाची नव्हती. ३२ व्या अध्यायांत तो यब्बोक नदीच्या कांठीं रात्रीं एकटा आहे, आणि ज्याच्याशीं झोंबी चालली आहे तो त्यास नांव विचारतो. आंधळ्या बापानें कोण म्हणून विचारलें तेव्हां त्यानें भावाचें नांव सांगितलें होतें. ह्या रात्रीं त्यानें आपलें खरें नांव सांगितलें. आणि याकोब हें नांव म्हणजे टांच धरणारा, दुसऱ्याची जागा बळकावणारा. तें नांव कबूल केल्यावर त्यास नवें नांव मिळालें. तो लंगडत निघाला, पण खरा होऊन निघाला.

मग तो भावाकडे रिकाम्या हातानें गेला नाहीं. त्यानें शेळ्या, मेंढरें, उंट, गाई व गाढवें मिळून, उंटांचीं शिंगरें सोडून, ५५० जनावरें पुढें पाठविलीं होतीं. एसाव नको म्हणाला तेव्हां याकोबानें आग्रह केला, आणि त्या भेटीला त्यानें इब्रींत तोच ‘बराखा’ हा शब्द वापरला. ज्या नांवाची वस्तु हिसकावून घेतली, त्याच नांवाची वस्तु स्वतःच्या हातानें परत दिली. नुसतें ‘माफ कर’ म्हणून तो थांबला नाहीं. आपल्यांत कोणाच्या पेटींत असा कागद असेल, कीं जो बहिणीस पुरता न सांगतां करून घेतला, तर पश्चात्तापाची पहिली प्रार्थना त्या पेटीपाशीं करावी, आणि दुसरी बहिणीच्या उंबऱ्यावर.

नथनेल येतांना पाहून प्रभूनें त्यास ज्यांत कपट नाहीं असा खरा इस्राएली म्हटलें, आणि लगेच याकोबानें स्वप्नांत पाहिलेल्या चढत्या उतरत्या देवदूतांची आठवण दिली. कपटी याकोबाच्या उशाला जो स्वर्ग उघडला होता तो ख्रिस्ताच्या ठायीं निष्कपट मनुष्याला दिवसा उघडा आहे. इसहाक १८० वर्षांचा होऊन मरण पावला तेव्हां त्यास कोणीं पुरलें? एसाव आणि याकोब ह्या दोघांनीं मिळून. ज्या सुतकाची वाट खुनासाठीं पाहिली जात होती, त्या सुतकांत दोघे भाऊ एका कबरेपाशीं उभे राहिले.

घरांत विचारावयाचे प्रश्न

१. इसहाकाच्या घरांत पहिली चूक कोणाची? २७ व्या अध्यायांतून व २५ व्या अध्यायांतून आधार दाखवा.

२. याकोबाला कशाची भीति वाटली, आणि कशाची वाटली नाहीं?

३. एसाव फसविला गेला, तरी तो निर्दोष कां नव्हता?

४. २७ व्या व २८ व्या अध्यायांतील आशीर्वादांत भेद कोणता?

५. आमच्या घरांत दोघेंच बोलतात आणि बाकीच्यांपासून लपवितात अशी कोणती गोष्ट आहे? ती ह्या आठवड्यांत सर्वांसमोर कशी आणावी?

शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मोठ्यानें द्यावयास जड जाईल. म्हणून तो विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसावें, आणि मग घरांतील सर्वांत वडील माणसानें प्रार्थना करावी.